ओसरीवर परक्याचें दुकान

गेल्या महिन्यांत नाशिकहून एका वाचकभगिनीचें पत्र आलें. पत्र लांबलचक होतें, अक्षर सुरेख होतें, आणि शेवटीं एकच प्रश्न होता. आमच्या टपालांत प्रश्न नेहमींच येतात. परंतु ह्या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळें व्हावें, हें आम्हांस बरें वाटेना. म्हणून त्या भगिनींच्या परवानगीनें, त्यांचें नांव मात्र न देतां, ती हकीकत येथें सांगतों आणि मग आमचा विचार मांडतों.

घर एकत्र कुटुंबाचें. आजोबांपासून नातवंडांपर्यंत अकरा माणसें एका चुलीवर जेवणारीं. पत्रलेखिकेच्या सासूबाईंपाशीं जाड बांधणीची एक वही आहे. तींत त्यांनीं चाळीस वर्षें पाककृति टिपून ठेविल्या. मामंजींना मधुमेह जडल्यापासून वहींत एक नवें प्रकरण सुरू झालें. नाचणीची आंबील कशी करावी, उपासाच्या दिवशीं पथ्याच्या माणसाला काय द्यावें, सणावारीं घरांत पुरण शिजत असतां त्याच्या ताटांत काय वाढावें म्हणजे त्याचें मन मोडणार नाहीं, अशा गोष्टी त्या लिहूं लागल्या. २०११ सालीं सूनबाईंनीं ही वही एका संकेतस्थळावर उतरविण्यास आरंभ केला. वाचक वाढले. पुण्या-मुंबईचे तर होतेच. इंदूर-बडोद्याचे आले, आणि समुद्रापलीकडे संसार थाटलेल्या लेकीबाळी ‘आईची आठवण झाली’ असें कळवूं लागल्या. परंतु वाचक वाढले तसें सर्व्हरचें भाडेंहि वाढलें. तें भाडें सूनबाई आपल्या शिकवणीच्या पैशांतून भरीत.

धाकटे दीर पुण्यास संगणकाच्या व्यवसायांत आहेत. ते म्हणाले, “वहिनी, दरवर्षीं पदरचे पैसे कां घालतां? पानाच्या कडेला थोडी जागा मोकळी सोडा. तेथें जाहिराती आपोआप येतील आणि भाडें परस्पर निघेल.” मामंजी झोपाळ्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, “ओसरी आपली. तिच्यावर परक्यानें दुकान मांडलें, तर आलेला पाहुणा दारांतूनच परत फिरेल.” वाद पुष्कळ झाला. अखेर तीन महिने जाहिराती लावून पाहाव्या असें ठरलें. तीन महिन्यांनीं भाऊजींनीं आकडे काढून दाखविले. वाचक कमी झालेले नव्हते, आणि भाडें निघून वर थोडें उरलें होतें. तरी मामंजींचें समाधान होईना. “खरें कोणाचें?” असा त्या भगिनींचा प्रश्न आहे. परक्याच्या जाहिराती लावल्यानें वाचक निघून जातात, कीं हें वडील माणसांचें उगीच भय आहे?

प्रथम आमची बाजू कबूल करतों. आम्ही स्वतः जाहिराती छापतों. नुसत्या वर्गणीवर मासिक चालविणें किती अवघड आहे, हें जो चालवितो त्यालाच ठाऊक. बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ १८३२ सालीं निघालें आणि १८४० सालीं बंद पडलें. विद्वत्तेची तेथें उणीव नव्हती. उलट, शंकरराव किर्लोस्करांनीं १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ काढलें, तें मुळांत एका कारखान्याचें वार्तापत्र. पुढें त्याचेंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालें आणि मराठी घराघरांत वाचलें गेलें. तेव्हां व्यापाराचा नुसता वास लागतांच वाचक पळतो, असें म्हणतां येणार नाहीं. दिवाळी अंकांतील जाहिराती तर आपल्या घरांतील मुलें कथांच्या आधीं पाहतात.

दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. महात्मा गांधींनीं ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ हीं पत्रें हातीं घेतलीं, तेव्हां त्यांत जाहिराती न घेण्याचा निश्चय केला, आणि तसें करून आपल्या पत्रांचें कांहीं नुकसान झालें नाहीं असें त्यांनीं आत्मकथेंत नमूद केलें आहे. मग ह्या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा? आमच्या मतें गुंता ‘जाहिरात’ ह्या शब्दांत नसून ‘परक्याची’ ह्या शब्दांत आहे.

मासिकांत जाहिरात येते ती संपादकाच्या हातांतून. मजकूर आम्ही वाचतों, चित्र पाहतों, पसंत न पडल्यास परत पाठवितों. आणि एकदां छापली म्हणजे नागपूरच्या वाचकाला जी दिसते तीच कोल्हापूरच्या वाचकालाहि दिसते. चूक झाली तर जाब कोणाला विचारावयाचा, हें सर्वांस ठाऊक असतें. इंटरनेटवरील पहिली मोठी जाहिरातहि अशाच रीतीनें लागली. २७ ऑक्टोबर १९९४ रोजीं ‘हॉटवायर्ड’ ह्या अमेरिकन संकेतस्थळावर एटी अँड टी ह्या टेलिफोन कंपनीची आडवी पट्टी झळकली. स्थळाच्या मालकांनीं ती स्वतः विकली होती आणि स्वतः लावली होती. नवलाई अशी कीं, पाहणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं ती आपणहून दाबून पाहिली.

पुढें मात्र मध्यस्थ आला. आज ज्या रीतीस ‘त्रयस्थाच्या जाहिराती’ म्हणतात, तिच्यांत स्थळाचा मालक फक्त जागा देतो. त्या जागेंत काय टांगावयाचें, हें दलाल कंपनी ठरविते. गूगलनें २००३ सालीं ‘अ‍ॅडसेन्स’ सुरू केल्यापासून अगदीं घरगुती स्थळांनाहि ही सोय मिळाली. वाचकानें पान उघडलें कीं, तें त्याच्या डोळ्यांसमोर येण्याच्या आंत, म्हणजे सेकंदाच्याहि लहानशा अंशांत, त्या रिकाम्या जागेचा लिलाव होतो. लिलावांत भाग घेणाऱ्या यंत्रांना त्या वाचकाविषयीं पुष्कळ माहिती दिलेली असते: तो कोठें राहतो, काल त्यानें काय पाहिलें, त्याच्या संगणकांत कोणत्या कुकी, म्हणजे ओळखीच्या चिठ्ठ्या, ठेवलेल्या आहेत. अधिक बोली करणाऱ्याची जाहिरात त्या जागीं येते. शेजारच्या खोलींत बसून तेंच पान उघडणाऱ्या दुसऱ्या माणसाला निराळी जाहिरात दिसते. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां मूळ प्रश्न. वाचक जातात काय? सुदैवानें ह्या प्रश्नावर तर्कच करीत बसण्याचें कारण नाहीं. त्याचे पद्धतशीर प्रयोग झाले आहेत.

पहिला प्रयोग डॅनियल गोल्डस्टीन, प्रेस्टन मॅकॅफी आणि सिद्धार्थ सूरी ह्या संशोधकांचा. तो २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं आधीं पुष्कळ जाहिराती लोकांना दाखवून कोणत्या त्रासदायक आणि कोणत्या निरुपद्रवी, ह्याची प्रतवारी करविली. हलणाऱ्या आणि लुकलुकणाऱ्या जाहिरातींविषयीं लोकांची विशेष तक्रार होती. मग दुसऱ्या लोकांना पत्रें निवडण्याचें काम दिलें. पत्रागणिक मजुरी, आणि वाटेल तेव्हां उठून जाण्याची मुभा. कांहींच्या पडद्यावर जाहिरात नव्हती, कांहींच्या पडद्यावर निरुपद्रवी होती, कांहींच्या पडद्यावर त्रासदायक. त्रासदायक जाहिरातीशेजारीं बसलेले लोक काम टाकून लवकर उठले. निरुपद्रवी जाहिराती पाहणारे मात्र मुळींच जाहिरात नसलेल्यांच्या जवळजवळ बरोबरीनें बसून राहिले. त्रासदायक जाहिरातीनें होणारें नुकसान हजार दर्शनांमागें एका डॉलरच्या वर जातें, असा त्यांनीं हिशेब काढला. अशी जाहिरात जर मालकाला त्याहून कमी पैसे देत असेल, तर तो कमाई करीत नसून घरचें भांडवल मोडून खात आहे.

म्हणजे भाऊजींचा आकडा खरा ठरतो काय? त्यांच्या पानावरील जाहिराती बहुधा निरुपद्रवी असतील, म्हणून वाचक टिकले असतील. परंतु दुसरा प्रयोग पाहिल्यावर एवढ्यानें निश्चिंत होतां येत नाहीं. अमेरिकेंतील ‘पंडोरा’ ह्या संगीतसेवेनें आपले सुमारें साडेतीन कोटि श्रोते नऊ गटांत चिठ्ठ्या टाकाव्या तसे विभागले आणि प्रत्येक गटाला गाण्यांमध्यें कमीअधिक जाहिराती ऐकविल्या. सर्वांत अधिक जाहिरातींच्या गटाला सर्वांत कमी जाहिरातींच्या गटाच्या दुपटीहून जास्त. हा क्रम त्यांनीं एकवीस महिने न मोडतां चालविला. २०१८ सालीं बाहेर आलेल्या निबंधांत त्याचें फलित दिलें आहे. जाहिराती जसजशा वाढल्या तसतसें ऐकणें सरळ रेषेंत घटत गेलें. पण आमच्या कामाची गोष्ट निराळीच आहे. हाच प्रयोग एक महिन्यांत आटोपला असता, तर जेवढा परिणाम दिसला असता, त्याच्या तिप्पट परिणाम एकवीस महिन्यांनीं दिसला.

ह्याचें कारण आपल्या घरांतील अनुभवावरून कळण्यासारखें आहे. ज्या घरीं आपला नीट आदर झाला नाहीं, त्या घरांतून कोणी त्याच घटकेला उठून जात नाहीं. पान घेतो, सुपारी खातो, ‘येतों’ म्हणून निघतो. पुढल्या महिन्यांत जावयाचें तें मात्र राहून जातें. वाचकहि असाच आहे. तो भांडत नाहीं, पत्र लिहून कळवीत नाहीं. आठवड्यांतून चार वेळां येणारा दोन वेळां येतो, मग एकदां येतो, मग त्याला पत्ता आठवेनासा होतो. तीन महिन्यांच्या आंकड्यांत हें दिसत नाहीं. शिवाय नवे वाचक रोज येतच असतात, त्यामुळें एकूण बेरीज तेवढीच दिसते. जुना किती राहिला, हें त्या बेरजेंत कोठें लिहिलेलें असतें? भाऊजींची बेरीज बरोबर होती. परंतु ती दुसऱ्याच प्रश्नाचें उत्तर देत होती.

तिसरा पुरावा जाहिराती रोखणाऱ्यांचा. अ‍ॅडब्लॉकर नांवाचीं साधनें आज कोणीहि बसवूं शकतो; २०१५ च्या सप्टेंबरांत अ‍ॅपलनें आयफोनवरहि त्यांना वाट करून दिली. ‘फायरफॉक्स’ हें न्याहाळक बनविणाऱ्या मोझिला संस्थेच्या संशोधकांनीं २०१८ सालीं दाखविलें कीं, ज्यांनीं असें साधन बसविलें त्यांचा इंटरनेटवर घालविलेला वेळ इतरांच्या मानानें २८ टक्क्यांनीं वाढला, आणि उघडलेलीं पानें १५ टक्क्यांनीं वाढलीं. वाचनाला लोक कंटाळलेले नव्हते. वाचनाच्या वाटेंत जें आडवें पडलें होतें, त्याला ते कंटाळले होते.

तथापि मामंजींनींहि एवढ्यावर विजय मानूं नये. चौथा पुरावा त्यांच्या विरुद्ध आहे. बेंजामिन शिलर, जोएल वॉल्डफोगेल आणि जॉनी रायन ह्यांनीं हजारों स्थळांची पाहणी केली. ज्या स्थळांवर जाहिराती रोखणारे वाचक वाढले, तेथील पुढची गत त्यांनीं पाहिली. शंभरांत एक वाचक अधिक जाहिराती रोखूं लागला, कीं पस्तीस महिन्यांत त्या स्थळावरील वर्दळ ०.६७ टक्क्यांनीं घटली. उत्पन्न आटलें म्हणजे लिहिणाराचा हात आंखडतो, नवें कांहीं येईनासें होतें, आणि मग वाचक त्या कारणानेंहि जातो. ओसरी मोकळी ठेवली, पण घरांत दिवा लावण्यास तेल उरलें नाहीं, तरीहि पाहुणा येत नाहीं. सूनबाईंच्या शिकवण्या उद्यां बंद झाल्या, तर वहीचें पुढचें प्रकरण कोण चढविणार?

पांचवें उदाहरण आम्हांस सर्वांत बोलकें वाटतें, कारण त्यांत जाहिरात लागलीहि नव्हती. विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश २००१ सालीं सुरू झाला. पुढल्याच वर्षाच्या आरंभीं त्यावर कधींकाळीं जाहिराती घ्याव्या लागतील, अशी नुसती भाषा निघाली. स्पॅनिश भाषेंतील विभागावर विनामोबदला राबणारे बरेच लेखक तेवढ्यावरून उठले आणि फेब्रुवारी २००२ मध्यें त्यांनीं सेव्हिल विद्यापीठाच्या आश्रयानें आपला वेगळा कोश मांडला. जाहिरातीची शंकाच त्यांना पुरेशी झाली. कारण ते तेथें ग्राहक म्हणून आलेले नव्हते; आपलें घर समजून आलेले होते. विकिपीडियानें त्यानंतर आजतागायत जाहिरात घेतलेली नाहीं. वाचकांच्या देणग्यांवर तो चालतो, आणि २००३ पासून चालत आलेला त्याचा मराठी विभागहि त्याच छायेखालीं आहे.

ह्या पांचहि गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे उत्तर असें येतें. जाहिरात आहे एवढ्यानेंच वाचक जात नाहीं. ती जेव्हां वाटेंत उभी राहते, तेव्हां जातो. ती जेव्हां संख्येनें वाढत जाते, तेव्हां हळूहळू जातो. आणि ज्या जागीं तो विश्वासानें आला, त्या जागेचा विश्वास ढळला तर कायमचा जातो.

वाटेंत उभें राहणें म्हणजे काय, हें आतां बरेंच निश्चित झालें आहे. मजकुरावर अचानक उघडणाऱ्या खिडकीचेंच उदाहरण घ्या. तिचा संकेत गेल्या शतकाच्या अखेरीस ईथन झुकरमन ह्यांनीं लिहिला. ते तेव्हां ‘ट्रायपॉड’ ह्या कंपनींत होते. एका मोटारकंपनीला आपली जाहिरात बीभत्स मजकुराच्या पानावर दिसल्याचा राग आला होता. म्हणून जाहिरात पानावर न ठेवतां वेगळ्या खिडकींत उघडण्याची ही युक्ति निघाली. हेतु वाईट नव्हता. तरी २०१४ सालीं त्यांनीं लेख लिहून त्याबद्दल जगाची क्षमा मागितली. २०१६ सालीं कंपन्यांचीच ‘कोअलिशन फॉर बेटर अ‍ॅड्स’ ही संघटना स्थापन झाली. तिनें उत्तर अमेरिका आणि युरोप येथील पंचवीस हजारांहून अधिक लोकांना विचारून मार्च २०१७ मध्यें अत्यंत अप्रिय प्रकारांची यादी केली: अचानक उघडणारी खिडकी, आपोआप सुरू होऊन आवाज करणारा चित्रपट, सेकंद मोजीत वाचकाला थांबवून ठेवणारें पान, आणि पडद्याला चिकटून बसणारी मोठी पट्टी. मोबाइलवर पानाचा ३० टक्क्यांहून अधिक भाग जाहिरातींनीं व्यापणें हेंहि त्यांत आहे. १५ फेब्रुवारी २०१८ पासून गूगलचा ‘क्रोम’ हा न्याहाळक ही यादी मोडणाऱ्या स्थळांवरील जाहिराती रोखूं लागला. २०१९ च्या जुलैपासून हा नियम जगभर लागू झाला. ज्या कंपनीचें पोट जाहिरातींवर भरतें, तिनेंच हें करावें, ह्यावरून रोग किती वाढला होता तें दिसतें.

येथवर लिहून आम्ही लेखणी खालीं ठेवणार होतों. इतक्यांत नाशिकहून दुसरें पत्र आलें. ह्या वेळीं अक्षर घाईचें होतें.

सासूबाईंचे धाकटे बंधु साताऱ्यास असतात. वय अडुसष्ट, मधुमेह जुना. घरांत सारे त्यांना मामा म्हणतात. बहिणीचें स्थळ ते रोज सकाळीं चहाबरोबर उघडतात. पथ्याच्या प्रकरणांत एके दिवशीं मजकुराच्या मधोमध, तशाच रंगाच्या चौकटींत, ‘एकवीस दिवसांत मधुमेह मुळापासून बरा’ अशा अर्थाचा मजकूर त्यांना दिसला. त्यांनीं तें चूर्ण मागविलें, आणि डॉक्टरांच्या गोळ्या कोणास न सांगतां बंद केल्या. तिसऱ्या आठवड्यांत देवळाच्या पायरीवर त्यांना घेरी आली. रक्तांतील साखर चारशेंच्या वर गेलेली. पांच दिवस ते रुग्णालयांत होते. आतां घरीं आले आहेत, प्रकृति सुधारत आहे. “कोणी सांगितलें तुम्हांला हें घ्यावयास?” असें डॉक्टरांनीं विचारतां मामा म्हणाले, “अक्काच्या पानावर होतें, म्हणून घेतलें.”

हें कळल्यावर भाऊजींनीं पुण्यांत बसून तेंच पान पुनःपुन्हां उघडून पाहिलें. त्यांना बूट दिसले, सदनिका दिसल्या, परदेशप्रवास दिसला. तें चूर्ण एकदांहि दिसलें नाहीं. सूनबाईंनीं पाहिलें, त्यांना साड्या दिसल्या. वर आम्हीं ध्यानांत ठेवावयास सांगितलेली गोष्ट ती हीच. लिलाव प्रत्येकाच्या नांवानें वेगळा होतो. आणि पथ्याचें पान वाचणारा, वयस्क, मधुमेहाविषयीं शोध करणारा माणूस हेंच त्या चूर्णवाल्याला हवें असलेलें गिऱ्हाईक होतें. आपल्याच भिंतीवर काय टांगलें आहे, हें घरधन्याला दिसत नव्हतें. ज्याला दिसूं नये त्याला तें नेमकें दिसत होतें.

अशी फसगत मोठमोठ्यांचीहि झाली आहे. २००९ च्या सप्टेंबरांत ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या स्थळावर एका प्रसिद्ध टेलिफोन कंपनीच्या नांवावर घेतलेल्या जागेंत ‘तुमच्या संगणकाला विषाणूची बाधा झाली आहे’ अशी खोटी सूचना झळकूं लागली, आणि त्या पत्राला वाचकांना सावध करावें लागलें. ज्यांच्यापाशीं शेंकडों माणसें आहेत त्यांची ही कथा. मग एका सूनबाईंनीं कोठें कोठें पाहावें?

आपल्याकडे ह्याविषयीं कायदा नाहीं असें नव्हे. १९५४ सालचा औषधें व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम कांहीं ठराविक रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींस मनाई करतो, आणि त्या यादींत मधुमेह आहे. अशी जाहिरात प्रसिद्ध करण्याच्या कामांत कोणीहि भाग घेऊं नये, अशी त्याची भाषा आहे. म्हणजे ‘जाहिरात माझी नव्हे, त्रयस्थाची आहे’ एवढें म्हणून घरधनी सुटला, असें समजण्यांत अर्थ नाहीं. कायदा बाजूस ठेवला तरी मामांच्या वाक्यांतच सारा निवाडा आहे. त्यांच्या लेखीं त्या पानावर त्रयस्थ कोणी नव्हताच. पान अक्काचें होतें.

वाचक गेले कीं नाहीं, ह्या प्रश्नाहून हा प्रश्न मोठा आहे. जो वाचक निघून जातो, तो निदान स्वतःचें रक्षण करतो. जो जात नाहीं, विश्वासानें बसून राहतो, त्याचें काय होतें, हें घरधन्यानें आधीं पाहिलें पाहिजे.

आम्हांस विचाराल तर आमचा सल्ला असा. प्रकृति, मुलें आणि देवधर्म ह्यांच्या पानांवर त्रयस्थाची जाहिरात कितीहि पैसे मिळाले तरी नसावी. इतरत्र ती ठेवावयाचीच असेल, तर दलालांकडून विषयांचे जे वर्ग वगळतां येतात ते वगळावे, तिच्यावर ‘जाहिरात’ असा शब्द ठसठशीत असावा, आणि तिचा रंग आपल्या मजकुराहून वेगळा असावा. परीक्षा करावयाची तर अर्ध्या वाचकांना जाहिरात दाखवावी, अर्ध्यांना दाखवूं नये, आणि निदान वर्षभर थांबावें. एकूण वाचक न मोजतां परत येणारे मोजावे. सर्वांत उत्तम म्हणजे ज्याचा माल आपण स्वतः घरीं वापरतों, ज्याच्या दुकानाची पायरी आपण चढलों आहों, अशा एखाद्या व्यापाऱ्याची जाहिरात स्वतः ठरवून घ्यावी. पैसे कमी मिळतील. पण रात्रीं झोंप लागेल.

नाशिककरांनीं आमच्या सल्ल्याची वाट पाहिली नाहीं. जाहिराती त्याच दिवशीं उतरविल्या. सासूबाईंनीं आठ दिवस वहीला हात लावला नाहीं. कोणी कांहीं बोललें तर “माझ्या भावाच्या जिवावर बेतलें” एवढेंच म्हणत. नवव्या दिवशीं त्यांनीं आपल्या हातानें एक सूचना लिहून पथ्याच्या प्रकरणाच्या आरंभीं लावली: ह्या पानावर कोणतेंहि औषध सांगितलेलें नाहीं व सांगितलें जाणार नाहीं; डॉक्टरांच्या गोळ्या कोणीं बंद करूं नयेत. सर्व्हरचें भाडें चारी कमावत्यांनीं वांटून घेतलें. भाऊजींनीं आपला हिस्सा सर्वांआधीं दिला, आणि तो देतांना मान खालीं घातली होती, असें पत्रांत लिहिलें आहे. त्यावर मामंजी म्हणाले, “चूक तुझी एकट्याची नाहीं. मी पाहुणा परत जाईल म्हणून भीत होतों. आंत बसलेल्याची काळजी मलाहि सुचली नाहीं.”

आतां त्या स्थळावर एकच जाहिरात आहे. ती गल्लींतल्या पिठाच्या गिरणीची. गिरणीवाला नाचणी निवडून दळतो हें सासूबाई स्वतः जाऊन पाहून आल्या, मग होकार दिला. मामंजींनींहि त्याला ओसरीवर बसूं दिलें आहे.

मामांनीं पंधरा दिवस तें पान उघडलें नव्हतें. गेल्या सोमवारीं त्यांचा निरोप आला: “अक्का, आंबिलींत ताक किती घालावें, तें लिहावयाचें राहून गेलें आहे.”